पोर्ट दिसतात सारखे, कामं वेगळी: आईला नवा लॅपटॉप फोनवरून कसा ओळखून द्यायचा?

प्रश्न असा आहे: आई निवृत्त शिक्षिका, गावी एकटी राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी डेस्कटॉपवर एमएस-सीआयटी केलेलं. आता तिला विंडोजचा नवा लॅपटॉप पाठवला आहे. तिचं म्हणणं, दोन्ही बाजूंची भोकं सारखीच दिसतात, कुठे काय घालायचं कळत नाही. उजवं बटण सापडत नाही. आणि चार्जिंग लावलं की बाण आपोआप पळतो. विचारणारे परगावी आहेत. त्यांना फोनवर वाचून दाखवता येईल अशी पोर्टची नावं आणि कामं यांची यादी हवी आहे.

यादी देता येईल, पण यादीने आईंचं काम होणार नाही. लॅपटॉप दुरुस्ती आणि नवशिक्यांना शिकवणं, दोन्ही मी बरीच वर्षं करतो आहे. नावं पाठ करून लॅपटॉप अंगवळणी पडलेला माणूस मी पाहिलेला नाही. शिवाय तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पोर्ट ओळखणं हा एक भाग. टचपॅडला, म्हणजे कीबोर्डखाली बोटाने बाण फिरवायच्या सपाट चौकोनाला, बटणं असूनही ती दिसत नाहीत, हा दुसरा. आणि चार्जिंग लावल्यावर बाण पळतो, हे तर शिकण्या-शिकवण्याचं प्रकरणच नाही. तो विजेचा प्रश्न आहे. आईंना आधी हे सांगा की त्यात त्यांचं काही चुकत नाही. नवशिक्या माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि मग लॅपटॉप कपाटात जातो.

तुम्ही मॉडेल लिहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी मोघम राहतील. पातळ, १३-१४ इंची लॅपटॉपला पोर्ट मोजके असतात, १५.६ इंचीला बहुधा जास्त. कोणतं पोर्ट कोणत्या बाजूला, हे तर एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही बदलतं. खाली जे सांगतो ते विंडोज ११ धरून आहे.

पळणाऱ्या बाणापासून सुरुवात करू, कारण तो थांबल्याशिवाय पुढचं काही शिकता येणार नाही.

आईंना म्हणावं, चार्जर काढा आणि पाच मिनिटं नुसत्या बॅटरीवर बोट फिरवून बघा. बाण शहाण्यासारखा चालला, तर घोडं चार्जर किंवा अर्थिंगपाशी पेंड खातंय. टचपॅड दाब मोजत नाही. बोट जवळ आलं की त्याच्या पृष्ठभागाखालच्या बारीक जाळीतला विद्युतभार किंचित बदलतो, आणि तो बदल मोजून बोट कुठे आहे हे तो ठरवतो. हा बदल अगदी सूक्ष्म असतो. चार्जरमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी कपॅसिटर बसवलेले असतात, आणि त्यांच्यातून अत्यल्प प्रवाह लॅपटॉपच्या बॉडीकडे येतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये तो अर्थच्या वायरीने जमिनीत निघून जायला हवा. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खोचला असेल, तर त्याला वाट मिळत नाही. मग टचपॅडला बोटाच्या खुणेत हा गोंगाटही ऐकू येतो आणि बाण नाचतो. धातूच्या बॉडीवर हळूच उलटा हात फिरवला तर झिणझिण्या किंवा खरखर जाणवते, तीही याच कारणाने. आईंना तसं काही जाणवतं का, हे आवर्जून विचारा.

जुन्या घरांत हे फार आढळतं. सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते. लोकांनी वर्षानुवर्षं पंखे आणि मिक्सर त्यावर चालवलेले असतात, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. आधी कन्व्हर्टर काढून चार्जर थेट भिंतीच्या सॉकेटात लावून बघा, मग दुसऱ्या खोलीत. तरीही बाण पळत असेल तर वायरमनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या. इथे एक ताकीद देतो. अर्थिंग नाही म्हटल्यावर काही जण सॉकेटातच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेचा तुकडा जोडून देतात आणि झालं म्हणतात. हे अजिबात करू देऊ नका. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर तिथे जोडलेल्या प्रत्येक यंत्राच्या धातूच्या बॉडीत वीज उतरू शकते. एकट्या राहणाऱ्या माणसाच्या घरात तर हा धोका पत्करूच नये.

काही चार्जरना मुळातच दोन पिना असतात. ते दुहेरी इन्सुलेशनचे असतात, आणि त्यांच्यात थोडी झिणझिण घर बदललं तरी जाणवू शकते. ती धोक्याची नसते, पण टचपॅड त्रास देत असेल तर त्याच कंपनीचा, तेवढ्याच वॅटचा दुसरा चार्जर लावून बघावा. बाजारातला स्वस्त नकली चार्जर मात्र घेऊ नका. गोंगाट गाळायचे भाग वाचवूनच तो स्वस्त केलेला असतो.

चार्जर काढल्यावरही बाण पळत असेल, तर कारणं साधी असतात. टचपॅडवरची कंपनीची पारदर्शक फिल्म काढायची राहिलेली असते, बोटाला ओल किंवा तेल असतं, नाहीतर अंगठा नकळत खालच्या कडेवर टेकलेला असतो. हे शेवटचं कारण सगळ्यांत जास्त आढळतं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही आईंच्या चेहऱ्याकडे न बघता हाताकडे बघा, लगेच दिसेल.

आता पोर्ट. शिकवताना मी एकच गोष्ट मनावर ठसवतो: आकारावरून फक्त काय आत शिरेल हे कळतं, काय चालेल हे शेजारच्या खुणेवरून कळतं. एसटी स्टँडवर फलाट सगळे सारखेच असतात, गाडी कुठली लागते ते पाटी वाचून कळतं. इथेही पाटी आहे, फक्त ती फार बारीक आणि बहुधा काळ्यावर करड्या रंगात छापलेली असते. साठीपुढच्या डोळ्यांना ती दिसत नाही. म्हणून आईंना मोबाइलच्या कॅमेऱ्याने दोन्ही कडांचे जवळून फोटो काढायला सांगा, तुम्ही ते मोठे करून वाचा आणि मग फोनवर बोला. टॉर्च तिरका धरला तर खुणा जास्त स्पष्ट दिसतात.

ओळख करून देताना लॅपटॉप बंद आणि झाकण मिटलेलं असावं. आईंनी तो समोर ठेवून डाव्या कडेवर मागून पुढे बोट फिरवावं. तुम्ही नावं सांगू नका, जागा सांगा: ‘डावीकडे, मागून पहिलं, ते चार्जिंगचं.’ तिथेच वरच्या बाजूला एक छोटी लाल टिकली लावायला सांगा. टीव्हीच्या पोर्टवर हिरवी. बाकीच्यांना काही नको. दोन टिकल्यांनी निम्मा गोंधळ जातो, आणि हाताला जागा कळली की टिकल्या आपोआप निरुपयोगी होतात. हवा जायच्या जाळीवर मात्र टिकली येऊ देऊ नका.

चार्जिंगचं पोर्ट बहुधा दोनपैकी एका प्रकारचं असतं. एक गोल; त्याच्या मधोमध अनेकदा बारीक सुईसारखी पिन असते. काही कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये ही पिन चार्जर कोणता आहे ते ओळखण्यासाठी असते. ती वाकली की लॅपटॉप ‘चार्जर ओळखता येत नाही’ म्हणतो आणि चार्जिंग एकतर रखडतं नाहीतर बंद पडतं. म्हणून चार्जरचं टोक सरळ घालायचं, सरळ काढायचं, वायर धरून ओढायची नाही, आणि चार्जिंग चालू असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या बाजूला कलंडू द्यायचा नाही. दुरुस्तीला येणाऱ्या लॅपटॉपमध्ये सैल झालेलं हे गोल पोर्ट नेहमीचंच असतं, आणि बहुतेक वेळा कारण म्हणजे रोज बाजूने पडलेला ताण.

दुसरा प्रकार यूएसबी-सी, म्हणजे आताच्या बहुतेक मोबाइलला असतं तेच लांबट, दोन्ही टोकं गोल असलेलं पोर्ट. हे २०१४ साली आलं. आत २४ संपर्क असतात आणि कुठल्याही बाजूने घातलं तरी बसतं. सगळ्यांत जास्त फसगत इथेच होते, कारण एकाच लॅपटॉपवरची दोन सी-पोर्ट वेगवेगळी कामं करू शकतात. चार्जिंग, मॉनिटरला चित्र पाठवणं आणि फाइलींची ने-आण ही तीन स्वतंत्र कामं आहेत. एखादं पोर्ट तिन्ही करतं, एखादं फक्त शेवटचं. प्लग किंवा बॅटरीची खूण असेल तर त्यातून लॅपटॉप चार्ज होण्याची शक्यता जास्त. इंग्रजी डी आणि त्यात पी अशी खूण असेल तर चित्र जातं. टोकाला बाण असलेली, आकाशातल्या विजेसारखी वाकडी रेघ असेल तर ते थंडरबोल्ट; त्यात चित्र जातं आणि वेगही भरपूर असतो. खूणच नसेल तर मॉडेलची माहिती पाहिल्याशिवाय पैसे खर्च करू नका. सी-पोर्ट टीव्हीला जोडायचा ‘सी टू एचडीएमआय’ अडॅप्टर विकत घेऊन आलेले आणि टीव्ही चालत नाही म्हणून वैतागलेले लोक माझ्याकडे नेहमी येतात. अडॅप्टर चांगला असतो, त्या पोर्टमधून चित्रच येत नसतं.

मोबाइलचा चार्जर सी-पोर्टमध्ये बसतो, पण म्हणून लॅपटॉप चार्ज होईलच असं नाही. साध्या कामाच्या लॅपटॉपला बहुधा ४५ किंवा ६५ वॅट लागतात. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘२० व्होल्ट, ३.२५ अँपिअर’ असं काही लिहिलेलं असतं. दोन्हींचा गुणाकार ६५, तेच त्याचे वॅट. केबलचंही तसंच. साधी सी-केबल ३ अँपिअरपर्यंतची, म्हणजे २० व्होल्टला ६० वॅटपर्यंतच. त्याहून जास्तीसाठी आत ओळखीची चिप असलेली ५ अँपिअरची केबल लागते. आईंसाठी नियम सोपा ठेवा: लॅपटॉपसोबत आलेली वायर लॅपटॉपचीच. तिच्यावरही लाल टिकली लावा.

चौकोनी, जुन्या ओळखीचं यूएसबी पोर्ट त्यांनी एमएस-सीआयटीला असताना पाहिलेलं आहे. पेनड्राइव्ह, माऊस, प्रिंटर सगळं यात. आत निळी पट्टी असली तर ते बहुधा यूएसबी ३, म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिटपर्यंत. जुन्या यूएसबी २ चा कमाल वेग ४८० मेगाबिट. रंगाचा हा संकेत सगळ्या कंपन्या पाळतात असं नाही. आईंच्या कामाला कुठलंही चालेल. याच्या शेजारी कधी बॅटरी आणि वीज अशी खूण असते. ती मोबाइलसाठी: लॅपटॉप बंद असतानाही त्यातून मोबाइल चार्ज होतो. ती पाहून लॅपटॉपचा चार्जर तिथे लावायची धडपड होऊ शकते, तेवढं आधीच सांगून ठेवा.

यूएसबीचं टोक लॅन केबलच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरीच्या, खाचेतही सहज शिरतं, कारण रुंदी जवळपास जुळते. घट्ट बसल्यासारखं वाटतं, काही चालत मात्र नाही, आणि आतल्या नाजूक तारा वाकतात. लॅनची खाच ओळखायला सोपी: ती उंच असते आणि आत सोनेरी तारांची रांग दिसते. पातळ लॅपटॉपला तिथे खाली उघडणारी फळी असते किंवा ते पोर्टच नसतं. तुमच्या आईंच्या घरी वायफाय किंवा मोबाइलचं हॉटस्पॉट असेल तर तिकडे वळायचंच नाही, असं सांगून मोकळे व्हा.

एचडीएमआयचे खालचे दोन कोपरे कापलेले असतात, बोटाच्या टोकानेही ते जाणवतं. टीव्हीसाठी हे. केबल लावल्यावर टीव्हीच्या रिमोटने योग्य एचडीएमआय निवडावा लागतो, आणि लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडायचं. नातवंडांचे फोटो मोठ्या पडद्यावर बघता आले की शिकण्याचा हुरूप वाढतो, म्हणून हे लवकर शिकवा.

हेडफोनचं गोल भोक एकच असतं, आवाज आणि माइक दोन्ही त्यातून. पिनेवर तीन काळ्या रेघा असतील तर हेडफोनला माइक आहे, दोन असतील तर फक्त ऐकू येईल. हिरवी आणि गुलाबी अशा दोन पिनांचा जुना हेडफोन असेल तर जोडणारी छोटी वायर घ्यावी लागेल.

उरलेल्या काही जागा पोर्ट नसतात, पण माणूस तिथे काहीतरी घालायला जातो. कडेला साधारण ३ बाय ७ मिलिमीटरची खाच साखळी-कुलपाची असते, ती सोडून द्या. पडद्याच्या वर किंवा कीबोर्डजवळ सुईच्या टोकाएवढी भोकं माइकची असतात. त्यांत पिन किंवा टाचणी कधीच घालायची नाही. कॅमेऱ्यावर सरकणारी छोटी पट्टी असू शकते. कॉलवर चेहऱ्याऐवजी काळं दिसलं तर आधी तीच बघा. खालची जाळी हवेसाठी असते, त्यामुळे गादीवर किंवा गोधडीवर लॅपटॉप चालवू नये. पाट किंवा टेबल बरं. आणि चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल कीबोर्डच्या पुढच्या भागावर ठेवला तर पडदा अचानक काळा होऊ शकतो. झाकण मिटलंय हे लॅपटॉप चुंबकावरून ओळखतो, त्यामुळे त्याला वाटतं झाकण लावलं. मोबाइल उचलला आणि एखादं बटण दाबलं की पडदा परत येतो, बिघाड काही नसतो.

आता टचपॅड. बटणं आहेत, फक्त त्यांच्यावर रेघ नाही. बहुतेक टचपॅडांची खालची कडच दाबली जाते, वरची बाजू बिजागरीसारखी अडकवलेली असते, म्हणून वरच्या भागात कितीही दाबलं तरी क्लिक होत नाही. खाली डावीकडे दाबलं की डावं क्लिक, खाली उजव्या कोपऱ्यात दाबलं की उजवं. पण मी आधी दाबणं शिकवत नाही, टेकणं शिकवतो. एका बोटाने हलकं टेकलं की डावं क्लिक, दोन बोटं एकदम टेकली की उजवं. दाबताना बोट सरकतं आणि बाण भलतीकडे जातो, टेकताना तसं होत नाही. मात्र बोटं आखडत असतील किंवा हात थरथरत असेल, तर कोपऱ्यात दाबणंच सोयीचं पडतं. दोन्ही करून बघू द्या, आईंना जे साधेल ते त्यांचं.

क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी फक्त बाण फिरवायचा. बोट कडेला पोचलं की उचलून पुन्हा मध्ये ठेवायचं. माऊसवर हात बसलेल्यांना हे सुचत नाही, ते कडेला अडकून बसतात. मग टेकणं. मग दोन बोटांनी पान वर-खाली करणं. त्यांना मोबाइलची सवय असेल, तर पान बोटासोबत जातं की उलट, हे विचारा. सेटिंग्जमध्ये दिशा बदलता येते. एखादी वस्तू ओढून न्यायची असेल तर डाव्या हाताच्या बोटाने खालचा डावा कोपरा दाबून धरायचा आणि उजव्या हाताच्या बोटाने सरकवायचं. दोन हातांनी ते पटकन जमतं.

आईंकडून फोनवर एक काम करून घ्या. सेटिंग्ज उघडून ‘ब्लूटूथ अँड डिव्हाइसेस’ आणि त्यात ‘टचपॅड’ इथे जायला सांगा, आणि तीन व चार बोटांच्या सगळ्या क्रिया बंद करून घ्या. तीन बोटं चुकून खाली सरकली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या एकदम नाहीशा होतात, आणि आपण लिहिलेलं गेलं असं वाटून जीव टांगणीला लागतो. तिथेच संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या आहेत. वयानुसार बोटांची त्वचा कोरडी होते, टेकलेलं ओळखलं जात नाही, तेव्हा एक पायरी वाढवा. टाइप करताना तळहात लागून बाण उडत असेल तर एक पायरी कमी करा.

टचपॅड पूर्ण बंद पडला तर कीबोर्डच्या वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटण चुकून दाबलं गेलंय का ते पाहायचं. ते नसेल तर विंडोज आणि आय ही बटणं एकत्र दाबून सेटिंग्ज उघडतात. माऊस लावल्यावर टचपॅड बंद ठेवण्याची सोयही तिथेच आहे, तीही बघा.

माऊस द्यावा का? द्याच. आईंना माऊस येतो, त्यांना पेन्शनची कागदपत्रं बघायची असतील, पत्र लिहायचं असेल, तर ते काम आज व्हायला हवं. टचपॅड सावकाश शिकता येईल. वायरलेस माऊस घेतलात तर त्याचा छोटा रिसीव्हर हार्ड डिस्क किंवा यूएसबी ३ च्या पेनड्राइव्हशेजारी लावू नका. यूएसबी ३ मधून निघणारा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पडतो, रिसीव्हर त्याच पट्ट्यात चालतो, आणि मग माऊस अडखळतो. दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला की सुरळीत होतो.

आज नाही, पण दोन-तीन वर्षांनी लागेल म्हणून सांगून ठेवतो: टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, क्लिक होईनासं झालं, किंवा सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर खालची बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा टचपॅड दाबून बसवायचा नाही, चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि दुरुस्तीला द्यायचा. लोक टचपॅड खराब झालाय म्हणून घेऊन येतात आणि खाली बॅटरी उशीसारखी झालेली निघते.

लॅपटॉप उलटा केला की तळाच्या लेबलवर मॉडेल नंबर असतो. तो आणि दोन्ही कडांचे फोटो इथे टाका, म्हणजे आईंच्या सी-पोर्टमधून चित्र जातं की नाही, आणि चार्जर किती वॅटचा लागेल, हे नेमकं सांगता येईल. फोटो टाकताना लेबलवरचा सिरियल नंबर झाकायला विसरू नका.